फिनलंडच्या झाडाची पाणीपाळी

"इंटरनेटवर वाईट काय असेल ते असू दे. मी तुमच्या पोरांना फक्त पाणपोया दाखवीन," असं मौले गुरुजींनी मारुतीच्या पारावर सगळ्यांसमक्ष सांगून टाकलं, आणि तिथंच त्यांची पहिली चूक झाली. घरात बोललेलं माणूस विसरून जाऊ शकतो. पारावर बोललेलं विसरायची सोय नसते.

साल होतं दोन हजार तीन. मखमलाबादच्या रस्त्याला, जिथं नाशिक शहर संपून झेंडू-गुलाबाचे मळे सुरू व्हायचे, तिथं रोहितनं सायबर कॅफे काढला होता. चार कॉम्प्युटर, मध्ये प्लायवूडचे आडोसे आणि आडोशांना पडदे. त्या पडद्यांनीच घात केला. ज्या धंद्याला दिवसाढवळ्या पडदा लागतो तो धंदा काही बरा नव्हे, असं वस्तीतल्या आयाबायांचं म्हणणं पडलं. त्यात खोट काढायला जागा नव्हती.

रंगनाथ मौले गुरुजी याच वस्तीतले. हयातभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. शाळा सुटली तरी शिकवणं सुटलं नव्हतं. भाजी घ्यायला गेले तरी भाजीवाल्याच्या पोराला कांद्यानं डोळ्यांत पाणी का येतं ते समजावून यायचे, आणि कांदे आणायचे विसरायचे. मुलगा राज नोकरीसाठी अमेरिकेत गेला, तेव्हा त्याला ई-मेल करायला म्हणून ते रोहितकडे जाऊ लागले. संक्रांतीला तिळगूळ द्यायला एका घरी जावं आणि चार घरं फिरून दिवेलागणीला परतावं, तसं त्यांचं झालं. एका पानावरून दुसऱ्या पानावर, तिथून तिसऱ्यावर. आणि काय काय सापडलं त्यांना! कुणा एका भल्या माणसानं जगभरातल्या बेडकांचे आवाज जमवून ठेवले होते. एका बाईनं नुसत्या ढगांचे फोटो लावले होते आणि प्रत्येकाखाली तो ढग कुणासारखा दिसतो ते लिहिलं होतं. एकानं आपल्या गावातल्या झाडून सगळ्या दारांच्या कड्यांची चित्रं काढली होती. कशाची जाहिरात नाही, काही विकायचं नाही. उन्हात कुणीतरी माठ भरून ठेवावा, ज्याला तहान असेल त्यानं प्यावं आणि पुढं जावं, तशी ती पानं.

एकट्यानं गोड खाणं गुरुजींना कधी जमलं नाही. चौकात वार्ताफलक होता. त्यावर एरवी सुविचार, दशक्रिया विधी आणि उद्या नळाला पाणी येणार नसल्याची सूचना असायची. गुरुजी दर शनिवारी त्याच्या खालच्या कोपऱ्यात 'या आठवड्याची पाणपोई' असं लिहून वळणदार अक्षरात त्या पानाचा पत्ता देऊ लागले. कुणाच्या मयताच्या बातमीखाली 'बेडूक अवश्य ऐका' असं वाचून परगावचे पाहुणे जरा गोंधळायचे, पण वस्तीला सवय झाली.

मग पोरांसाठी रविवारचा वर्ग काढायचं ठरलं आणि गुरुजी पारावर ते वाक्य बोलून बसले.

आयाबायांच्या वतीनं नवसाबाई बोलल्या. नवसाबाईंचा पाऊण एकराचा फुलांचा मळा होता. पहाटे गणेशवाडीच्या फूलबाजारात त्यांचा झेंडू उतरला की बाकीच्यांचे भाव ठरायचे, आणि वस्तीतही त्या हो म्हणाल्या की बाकीच्या हो म्हणायच्या.

"आमची निकिता येईल," त्या म्हणाल्या. "पण पोरं दाराजवळच्या डब्यावर बसतील. पडदा नाय पायजे. रस्त्यानं जाणाऱ्या बैलालासुदिक दिसलं पायजे आत काय चाललंय ते."

अट मान्य झाली. आता दाराजवळचा कॉम्प्युटर होता रोहितचा सगळ्यात जुना. त्याचा मॉनिटर त्यानं कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातून उचलून आणला होता. तो चालू करताना डोक्यावर एक थाप मारावी लागे. एवढं सोडलं तर तो गुणी होता, असं रोहितचं मत.

गुरुजी नेहमी याच मॉनिटरसमोर बसायचे, आणि याच्यावरच त्यांनी आपल्या पत्नीला, चतुराबाईंना, राजनं पाठवलेला फोटो दाखवला होता. चतुराबाईंनी पदर तोंडाला लावला.

"अहो, किती पिवळा पडलाय तो! ही कावीळ आहे."

"उन्हात उभा असेल."

"उन्हात माणूस काळा पडतो, पिवळा नाही. विज्ञान शिकवलंत ना तुम्ही?"

त्याच संध्याकाळी एस.टी.डी. बूथवरून अमेरिकेला फोन गेला. राज कळवळून सांगत होता, "आई, मला काही झालेलं नाही." चतुराबाई म्हणाल्या, "काविळीत पहिल्यांदा असंच वाटतं." त्याचं तेल, तूप, हळद सगळं बंद झालं. पुढच्या आठवड्यात त्र्यंबकच्या वाटेवरच्या एका वैदूकडून आणलेली काविळीची माळ कुरियरनं रवाना झाली. ती डोक्यावर ठेवायची. कावीळ उतरेल तशी माळ लांबत लांबत गळ्यात येते, अशी श्रद्धा. गुरुजींनी कुरियरवाल्याकडे पाठ करून उसासा सोडला.

वर्गाच्या पहिल्या रविवारी बेडकांचं पान उघडलं. पोरं खूश. नवसाबाईंच्या नातीनं, निकितानं तेवढं विचारलं, "गुरुजी, सगळे बेडूक पिवळेच कसे?"

"बाळ, परदेशात जाती वेगळ्या असतात," गुरुजी म्हणाले. ते पुढं गेले. शिक्षकाला पुढं जायची घाई असते.

दुसऱ्या रविवारी गुरुजींनी आपला सगळ्यात आवडता माठ बाहेर काढला. फिनलंडमध्ये आर्ने नावाचा एक निवृत्त पोस्टमन होता. त्यानं खिडकीत कुंडी ठेवून तिच्यावर कॅमेरा रोखला होता. कुंडीवर एक नळी आणि पानावर एक बटण. जगात कुणीही ते बटण दाबलं की नळीतून चमचाभर पाणी झाडाला मिळायचं. मात्र एका वेळी एकाचीच पाळी. तुमची पाळी आली की पान मधून मधून विचारायचं, 'आहात ना?' तुम्ही 'हो' म्हणायचं, मनात येईल तेव्हा बटण दाबायचं आणि पाळी पुढच्याला द्यायची. पाळी धरून ठेवून कुणी बटण दाबणारच नाही, असं त्या भल्या माणसाच्या मनात आलं नसावं. त्याची नाशिकशी ओळख नव्हती.

त्या दिवशी आयाबायाही बघायला आल्या होत्या. निकितानं बटण दाबलं, थोड्या वेळानं चित्र हललं आणि नळीच्या टोकाशी थेंब चमकला. पोरांनी टाळ्या पिटल्या. "बघा," ते म्हणाले, "इथं मखमलाबादला बोट हललं आणि साता समुद्रापलीकडे एका झाडाची तहान भागली. याला म्हणतात विज्ञान."

नवसाबाई पुढं झाल्या. चष्मा लावून त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मागं सरल्या, पुन्हा पाहिलं.

"गुरुजी, हे झाड मरतंय."

त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.

"पानं बघा की. पिवळीजर्द. पाणी लय झालंय. खाली मुळं कुजली असतील. सगळी दुनिया येती आन चमचा चमचा घालून जाती. एकानं तरी माती चाचपून बघितली का?"

"ते... लांबून कसं चाचपणार?"

"मग लांबून घालता कसं?"

गुरुजींनी चष्मा पुसून पाहिलं. पानं खरंच पिवळी होती. चार पिढ्या फुलशेतीत गेलेल्या बाईनं सांगितल्यावर विज्ञानाच्या मास्तरानं काय बोलावं?

"दुसऱ्याच्या दारातलं झाड बुडवून मारायचं, हे शिकवताय व्हय पोरांना?" नवसाबाईंनी निकिताचा हात धरला. "हे झाड मेलं तर आमची पोरगी काय यायची नाय. बाकीच्यांचं बाकीच्यांनी बघावं." बाकीच्या माना हलवून मोकळ्या झाल्या.

गुरुजींना वाटलं, चालू होऊन दोन रविवार झाले नाहीत तोच वर्ग गेला. घाईघाईनं त्यांनी दुसरी चूक केली. "झाड मरू देणार नाही," ते म्हणाले. "माझा शब्द."

शब्द दिला खरा, पण जगाचा हात कसा धरायचा? त्यांनी आर्नेला ई-मेल केला, की पाणी थांबवावं, पानं पिवळी आहेत. त्याचं उत्तर आलं, की पानं छान आहेत, काळजीबद्दल आभारी आहे.

"पोस्टमन ना तो?" नवसाबाई म्हणाल्या. "त्याला झाडातलं काय कळतंय?"

तेव्हा उपाय सुचवला मल्हारीनं. मल्हारी कालव्यावर पाटकरी होता. कुणाच्या वावरात किती वेळ पाणी सोडायचं हे ठरवण्यात त्याची सगळी नोकरी गेली होती, आणि निवृत्तीनंतर कुणालाच काही नाकारता येत नसल्यामुळं तो खंगत चालला होता.

"सोपं हाय," तो म्हणाला. "पाळी आपल्याकडं घ्यायची आन सोडायचीच नाय. पाणी आपोआप बंद. पोराबाळांचं काम नाय हे, मोठ्यांनी बसायचं. मी लावून देतो पाळ्या."

त्या दिवसापासून मल्हारीचं वय दहा वर्षांनी कमी झालं. कपाटातली शिट्टी निघाली. दाराजवळच्या कॉम्प्युटरसमोर खुर्ची टाकली गेली आणि वस्ती आळीपाळीनं बसू लागली. बायका स्क्रीनसमोर लसूण सोलत बसायच्या, गजरे करत बसायच्या. पानानं 'आहात ना?' विचारलं की एक जण दोऱ्यातला हात काढून 'हो' दाबायची. "अगं बाई, काय सारखं विचारतंय, सासूबाईंवाणी," असं म्हणत. रात्री मल्हारी स्वतः कॅफेत अंथरूण टाकायचा. कालव्याच्या चौकीपेक्षा इथं डास कमी, म्हणायचा. रोहित तर हवेत होता. एक गिऱ्हाईक चोवीस तास बसतंय असं भाग्य कुठल्या कॅफेवाल्याला लाभतं?

एकदाच गडबड झाली. गुलाबवाल्या बहिरूची दुपारची पाळी होती. जेवण जड झालं होतं, डोळा लागला, हात माऊसवर पडला आणि फिनलंडमध्ये चमचाभर पाणी सुटलं. मल्हारीनं अशी शिट्टी मारली की रस्त्यावरची रिक्षा थांबली.

"पाट फोडला ह्यानं! दिवसाढवळ्या पाट फोडला!"

"अरे, चमचाभर पाणी ते," बहिरू म्हणाला.

"चोरी ती चोरी. चमचा असो का हौद."

गेलेली पाळी रांगेतून फिरून वस्तीकडं परत आली, पण बहिरूला ती पुन्हा मिळाली नाही. त्यानं ते मनाला लावून घेतलं, घरी जेवेना. शेवटी गुरुजींनी रदबदली केली आणि त्याला सकाळची, उपाशीपोटीची पाळी मिळाली.

चार-पाच दिवसांनी झाडानं माना टाकल्या. गुरुजी नवसाबाईंना मळ्यातून बोलावून घेऊन आले.

"पडू द्या," नवसाबाई म्हणाल्या. "माती सुकायला लागली. आता मुळांना हवा मिळंल. वाफसा आला की बघा कसं उठतंय."

पण ते उठेना. आर्नेनं पानावर पाटी लावली. गुरुजींनी ती वाचून अर्थ सांगितला, "मित्रहो, झाड तहानलं आहे. ज्यांची पाळी आहे त्यांनी कृपया बटण दाबावं." मग ते मागं वळले. "नवसाबाई, मला वाटतं, आपण..."

"वाटतं म्हणून शेती होत नाय, गुरुजी. अजून पिवळं हाय का नाय?"

होतं. अजून पिवळं होतं. त्या रात्री गुरुजींना जेवण गेलं नाही. चतुराबाई म्हणाल्या, "मुलगा तिकडे काविळीनं आडवा, आणि यांना झाडाची चिंता."

रविवार उजाडला. आठवडाभराच्या बरकतीनं रोहितचं मन मोठं झालं होतं. त्यानं दाराजवळच्या कॉम्प्युटरला कोरा मॉनिटर बसवला होता, वर हार, बाजूला नारळ. पोरं जमली, आयाबाया जमल्या. नवसाबाईंच्या हस्ते हळदीकुंकू वाहिलं गेलं. रोहितनं बटण दाबलं. सवयीनं थाप मारायला उचललेला हात त्यानं हवेतच थांबवला. आर्नेचं पान दिसू लागलं.

त्या पानावर शेजारी शेजारी दोन चित्रं असायची. डावीकडे झाड लावलं त्या दिवशीचं, उजवीकडे आजचं. आजवर दोन्ही पिवळीच दिसत आली होती.

आज डावीकडचं झाड पोपटाच्या पिसासारखं हिरवंगार होतं. उजवीकडे वाळून खडखडीत झालेली काटकी होती.

निकिता पुढं वाकली. तिनं पानाच्या तळाशी साठवलेलं मागच्या रविवारचं चित्र उघडलं, मग त्याच्या आधीचं. हिरवं. हिरवं. आणखी हिरवं.

"गुरुजी," ती हळूच म्हणाली, "मग बेडूकपण हिरवेच होते का?"

"तो जुना मॉनिटर ना," रोहित सहज म्हणाला, "त्याच्यावर सगळं पिवळंच दिसायचं. निळा रंग कधीच मेला होता आणि लाल भडकला होता त्यातला."

"मग सांगितलं का नाहीस, बाबा?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. तुम्ही विज्ञानाचे."

गुरुजींनी स्वतः एकेक चित्र पुन्हा उघडून पाहिलं. आपण जगाच्या दुसऱ्या टोकाचं एक निरोगी झाड, शिस्तीनं, पाळ्या लावून, वाळवून टाकलं होतं. नवसाबाईंचा चेहरा पडला होता. गुलाबाला खत चुकल्यावरही त्यांचा असा चेहरा कुणी पाहिला नव्हता.

"दाबा की मग!" त्या ओरडल्या. "बघताय काय? पाणी सोडा!"

बहिरूची पाळी होती. आयुष्यात पहिल्यांदा सगळे त्याला बटण दाब म्हणून सांगत होते, आणि त्याचा हात काही उचलत नव्हता. "मल्हारी शिट्टी मारंल," तो म्हणाला.

"नाय मारत! सोड पाणी!"

त्यानं दाबलं. चमचाभर पाणी पडलं आणि पाळी पुढं गेली, ती रांगेत ताटकळलेल्या कुणा परदेशी माणसाकडं. आता आपला नंबर परत येईपर्यंत थांबणं आलं. सगळी वस्ती स्क्रीनकडे डोळे लावून उभी राहिली. नवसाबाई पुटपुटत होत्या, "आई सप्तशृंगी, चमच्यानं काय व्हायचं ह्याचं."

तेवढ्यात चित्र हललं. डाव्या बाजूनं एक हात आत आला. म्हाताऱ्या माणसाचा, लोकरीच्या बाहीचा. हातात मोठा मग. त्यानं मग कुंडीवर उपडा केला, भरपूर पाणी घातलं आणि हात निघून गेला.

मल्हारीच्या तोंडून सवयीनं शिट्टी वाजली. मग त्यानंच ती काढून खिशात टाकली.

"एवढं सोपं होतं व्हय," नवसाबाई म्हणाल्या.

दुपारी गुरुजींनी आर्नेला सगळं खरं लिहिलं. मॉनिटर, पाळ्या, शिट्टी, काही लपवलं नाही. उत्तर येईपर्यंत झाडाला नवा कोंब दिसू लागला होता. पण गुरुजींना त्या उत्तराचीच भीती होती. ते आलं तेव्हा वर्गासमोर, नवसाबाईंच्या देखत त्यांनी ते वाचलं, वाक्यागणिक मराठी करत.

"तुमचं पत्र वाचून मी खूप हसलो. आठवडाभर मला दिसत होतं, की कुणीतरी भारतातून दिवसरात्र पाळी धरून बसलंय. विचारलं की हो म्हणतं आणि बटण मात्र दाबत नाही. मला राग आला नाही. मी एकटा राहतो. मला वाटलं, त्यांना माझ्या झाडाकडून काही नको असेल, नुसतंच शेजारी बसायचं असेल. म्हणून मी पाण्याचा मग घेऊन यायलाही उशीर केला. रोज सकाळी उठून पहिल्यांदा तुम्ही आहात का ते बघायचो. गेल्या रविवारपासून चुकल्यासारखं वाटतंय."

नवसाबाईंनी पदरानं चष्मा पुसला.

"एकटाच राहतो?"

"तसं लिहिलंय."

"निकिता," त्या म्हणाल्या, "जा, घरून झेंडूचं बी आण. चांगल्यातलं. गुरुजी, पाकिटावर लिहा, पाणी बेतानं घाल म्हणावं." मग जरा थांबून, "आन वर्ग चालू ठेवा. मल्हारी, आमच्या सकाळच्या पाळ्या पण चालू ठेव. कुणीतरी जाऊन बसत जा त्याच्यापाशी."

गुरुजींच्या जिवात जीव आला. चौकातल्या फलकावर आजचा पाठ लिहायचं त्यांनी ठरवलं. 'कोणतीही गोष्ट पाहण्याआधी, आपण कोणत्या काचेतून पाहतो आहोत ते तपासावं.' हयातभर शिकवलेल्या विज्ञानाचं सार या एका वाक्यात आलंय, असं त्यांना वाटलं. ते वाक्य पहिल्यांदा कुणाला ऐकवावं, तर ज्यांनी मॉनिटरमुळं सर्वात जास्त त्रास काढला त्या चतुराबाईंना. त्यांनी पत्नीला मुद्दाम बोलावून घेतलं आणि काही न सांगता नव्या मॉनिटरवर राजचा नवा फोटो उघडला. राज उभा होता. उकडलेल्या भाज्या खाऊन थोडा वाळलेला, पण गोरागोमटा, गुलाबी.

"काय दिसतंय?" गुरुजींनी वर्गात विचारायचे तशा आवाजात विचारलं.

चतुराबाईंनी डोळे भरून पाहिलं. मग स्क्रीनवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"उतरली की नाही कावीळ? माळेला गुण आला म्हणायचा."

नवसाबाईंनी तिथल्या तिथं त्या वैदूचा पत्ता विचारला. गुरुजींनी हातातला खडू खिशात ठेवला. त्या आठवड्यात फलकावर फक्त एवढंच होतं, 'उद्या नळाला पाणी येणार नाही.'